परग्रही शाकाहाऱ्याची लक्षणे

परग्रहावरील प्राण्यांविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यातील सर्वांत ठळक उणीव ही की, त्या प्राण्यांच्या आहाराचा प्रश्न आला म्हणजे लेखकांची बुद्धी माणसापलीकडे सहसा जात नाही. एच. जी. वेल्स यांनी 1898 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत मंगळावरचे जे आक्रमक इंग्लंडात उतरवले, ते माणसांचे ताजे रक्त अंगात भरून घेत, आणि त्यानंतर चित्रपटवाल्यांनी आकाशातून जे जे खाली सोडले, त्यांपैकी बहुतेकांची नखे, दाढा आणि गळणारी लाळ पाहता त्यांच्या मूळ ग्रहावर भाजीबाजार भरत नसावा, असेच अनुमान निघते. अवकाशयानाचे दार उघडले, आतला जीव खाली उतरला, त्याने मान उंच करून चहूकडे पाहिले आणि कोणाशी एक शब्दही न बोलता शेजारच्या वावरातील हरभऱ्याचे घाटे ओरबाडायला सुरुवात केली, असे वर्णन कोठेही आढळत नाही. वस्तुतः पृथ्वीवर वाघ आयुष्यात एकदा दिसला तर दिसतो आणि चरणारी जनावरे मात्र दररोज रस्त्याच्या मधोमध भेटतात. तेव्हा इतर ग्रहांवर हे प्रमाण उलटे असावे, असे मानायला काही आधार नाही.

ही उणीव भरून काढण्याचे कार्य बुलढाणा येथील एका गृहस्थांनी अंगावर घेतले. प्रस्तुत लेखात त्यांचा उल्लेख ‘संशोधक’ असा केला आहे, कारण तो तसा व्हावा अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती आणि इतर कोणी ती पुरवण्याची चिन्हे दिसत नव्हती. त्यांचे हस्ताक्षर आणि या लेखाच्या लेखकाचे हस्ताक्षर यांत जे साम्य आढळते, तो योगायोग समजावा. संशोधकांचा संकल्प असा होता की, केवळ वनस्पतींवर जगणारा आणि तट व मैदान या दोन्ही प्रकारच्या भूमींशी अनुकूलन झालेला एक परग्रही पशू कल्पनेने सिद्ध करावा. अनुकूलन म्हणजे सजीवाचे शरीर व सवयी पिढ्यान्‌पिढ्या परिसराला जुळत जाणे. जावयाचे पोट सासरच्या अनारशांना जुळते त्याच जातीची ही क्रिया असून, फरक एवढाच की निसर्गाला ज्या कामासाठी लाखो वर्षे लागतात, ते जावई एका अधिक महिन्यात उरकतो.

पहिली अडचण तटाची निघाली. बुलढाणा जिल्ह्यात 13 तालुके असून त्यांपैकी एकाही तालुक्याला समुद्र लागत नाही, ही गोष्ट संशोधकांच्या पत्नीने पहिल्याच दिवशी निदर्शनास आणली.

“समुद्र कुठून आणणार तुम्ही?”

“कल्पनेने,” संशोधक म्हणाले.

“मग येताना नळाचं पाणीही आणा. आज सातवा दिवस आहे.”

परंतु ज्ञानाची वाट अशा प्रश्नांनी अडत नाही. जिल्ह्यात लोणार आहे, आणि लोणार हा समुद्रावाचून झालेला समुद्रकिनारा आहे. बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, अशनी आदळून येथे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे व दीडशे मीटरच्या आसपास खोलीचे विवर पडले, त्याच्या तळाशी पाणी साठले आणि ते इतके खारे व अल्कधर्मी झाले की त्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याच्या ज्या पट्टीवर शुद्ध पाणी 7 वर असते त्या पट्टीवरचा आकडा, 10 च्या घरात जातो. मंगळावरही बेसाल्टात पडलेली विवरे असल्यामुळे तेथील भूमी समजून घेऊ पाहणारे शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात. म्हणजे मंगळाच्या प्रवासाचा काही भाग मेहकरहून एस.टी.ने होण्यासारखा आहे. या विवराचे वय पूर्वी सुमारे 52 हजार वर्षे धरले जात असे, आणि अलीकडच्या मापनाने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे ठरले. नोकरीतील माणूस जन्मतारीख दुरुस्त करून घेतो तेव्हा त्याचे वय नेहमी कमी होते. दुरुस्तीनंतर वय दहापटीने वाढल्याचे जिल्ह्यातील हे एकमेव उदाहरण असावे. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी 1823 साली या स्थळाचा ‘शोध’ लावला असेही पुस्तकांत लिहिलेले असते, त्यावरून काठावर त्याच्या कितीतरी शतके आधी देवळे बांधणाऱ्या कारागिरांना आपण कोठे बांधकाम करीत आहोत याची कल्पना नसावी, असे मानावे लागते. परंपरा सांगते की येथे लवणासुर राहत असे आणि विष्णूने दैत्यसूदन रूपाने त्याचा वध केला; शास्त्र सांगते की येथे अशनी पडला. वरून काहीतरी आले आणि खाली असलेल्याची धडगत राहिली नाही, याबाबत मात्र दोन्ही पक्षांत मतभेद नाही.

अशा रीतीने तट मिळाल्यावर तटावरचा आहार ठरवणे सोपे होते. लोणारच्या पाण्यात स्पिरुलिना या नावाने ओळखले जाणारे नीलहरित शेवाळ वाढते, तेच शेवाळ औषधांच्या दुकानांत गोळ्यांच्या रूपाने महाग मिळते, आणि रोहित पक्षी, ज्यांना फ्लेमिंगो असेही म्हणतात, ते तसल्या खाऱ्या पाण्यातले शेवाळ चोचीने गाळून फुकट खातात. संशोधकांनी आपल्या पशूला गाळणीसारखे मुस्कट दिले आणि त्याला गर्द हिरवा रंगवला, जेणेकरून त्याला मायावरण साधावे. मायावरण म्हणजे प्राण्याने परिसराच्या रंगात असे मिसळून जाणे की शत्रूला तो दिसूच नये. रंग वाळतो न वाळतो तोच जून 2020 मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत हा रंग लवणप्रेमी सूक्ष्मजीवांचा, म्हणजे अतिखाऱ्या पाण्यातच सुखाने राहणाऱ्या जीवांचा, असल्याचे पुढे आले. परंतु त्या निष्कर्षाने संशोधकांचे समाधान झाले नाही, कारण गुलाबी पाण्याकाठी उभा असलेला हिरवा पशू आता विवराच्या कडेवरूनही दिसत होता. त्यांनी तो खरवडून गुलाबी केला, तोवर पाणी पुन्हा हिरवट झाले. अखेर रंगपेटीत जेवढे रंग उरले होते तेवढे एकत्र कालवून त्यांनी त्याला निळसर राखाडी रंग दिला, आणि हा रंग कोणत्याच परिसराला जुळत नसल्यामुळे तो सर्व परिसरांना सारखाच जुळतो, अशी टीप जोडली.

दुसरी भूमी मैदानाची. बुलढाणा जिल्ह्यातील लोक पृथ्वीचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. पैकी घाटाखाली पूर्णा नदीचे सपाट खोरे असून तेथील काही तालुके खारपाण पट्ट्यात, म्हणजे भूगर्भातील पाणीच खारट असलेल्या प्रदेशात, मोडतात. सपाट भूमी, लपायला जागा नाही आणि प्यायला गोड पाणी कमी, अशा ठिकाणी टिकायचे तर पशूला काय काय लागेल, याची यादी संशोधकांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने केली. लांबवरचे दिसावे म्हणून खांदा दीड मीटरपर्यंत उंच. पळताना भार पुढे राहावा म्हणून पाठ मागे उतरती. झुडपांत अडकू नयेत म्हणून दोनशे किलोंवरच्या देहाला शिंगे मात्र वीतभर. तो मिश्रचारी असावा, म्हणजे गवतही खाईल आणि पानेही ओरबाडील, कारण परग्रहावर आवडीनिवडी चालत नाहीत. पाण्यावाचून काही दिवस काढता यावेत. नर निळसर आणि मादी पिवळट तपकिरी व बिनशिंगांची, इतकी वेगळी की पाहणाऱ्याला ते दोन ग्रहांवरचे वाटावेत. दोन नर भांडायला लागले म्हणजे त्यांनी आधी गुडघे टेकावेत आणि मग एकमेकांना ढकलावे, कारण प्रगत संस्कृतीत भांडणालाही काही शिष्टाचार असतो. पुन्हा पुन्हा एकाच ठरलेल्या जागी लेंड्या टाकण्याची शिस्त त्याला असावी, जी या ग्रहावरील प्रगत जमातीला अनुदान देऊनही पुरती अंगवळणी पडलेली नाही. शेवटी संशोधकांनी त्याच्या कंठाखाली केसांचा एक झुपका लोंबता ठेवला. त्याचा उपयोग त्यांना स्वतःलाही सांगता आला नाही. परंतु काल्पनिक प्राण्याला एक तरी निरर्थक अवयव असला म्हणजे तो खरा वाटतो, असा त्यांचा सिद्धान्त होता.

गाळणीचे मुस्कट मैदानात उपयोगाचे नसल्याने ते खोडून तेथे साधे लांबट तोंड काढण्यात आले आणि चित्र पूर्ण झाले. अशा प्रकारचा पशू या पृथ्वीतलावर असणे सर्वथा अशक्य आहे, असे खाली लिहून संशोधकांनी ते ज्या पहिल्या माणसाला दाखवले, तो ज्ञानगंगा अभयारण्याच्या लगतच्या गावातील एक शेतकरी होता.

“हे काय व्हय?” शेतकऱ्याने विचारले.

“परग्रहावरचा प्राणी.”

शेतकऱ्याने कागद दोनदा फिरवून पाहिला. “हा त रोही व्हय. काल राती माह्या वावरात होता. तुमी कान लहान काढले.”

रोही हे नीलगाय या प्राण्याचे वऱ्हाडातील नाव. तो गायही नाही आणि घोडाही नाही. आशियातील सर्वांत मोठा असा हा कुरंगवर्गीय प्राणी असून चौशिंगा हा त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे. आपण कल्पिलेले प्रत्येक लक्षण, कंठाखालच्या झुपक्यासह, या प्राण्याने आधीच अंगी बाणवलेले आहे, हे कळल्यावर संशोधकांना जो धक्का बसला, तो ओसरायला प्राणिशास्त्राचा इतिहास उपयोगी पडला. कारण थोरामोठ्यांचीही या प्राण्यापुढे अशीच गत झालेली आहे. पीटर सायमन पॅलस यांनी 1766 साली त्याला जे जातिवाचक नाव दिले, त्याचा ग्रीक मुळांवरून अर्थ होतो ‘बोकड-उंट’; पुढे 1816 साली ब्लाँव्हिल यांनी त्याला जे प्रजातिवाचक नाव दिले, त्याचा अर्थ होतो ‘बैल-हरीण’. म्हणजे दोन विद्वानांनी पन्नास वर्षे खर्ची घालून चार प्राणी एकत्र बांधले आणि तरीही रोही हा पाचवाच प्राणी शिल्लक राहिला. बिहारात त्याला घोडपरास म्हणतात, म्हणजे घोडाही त्यात येऊन गेला. अठराव्या शतकात या प्राण्याचे काही नमुने इंग्लंडात पोचले, तेव्हा विल्यम हंटर या वैद्याने 1769 साली जॉर्ज स्टब्ज या घोड्यांच्या नामांकित चित्रकाराकडून त्याचे तैलचित्र काढवून घेतले, आणि नंतर त्याच्या गुडघे टेकून भांडण्यासह सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. जो जीव लंडनमध्ये राजघराण्याच्या संग्रहातील नवल म्हणून पाहिला जात होता, तोच त्या काळीही वऱ्हाडात कोणाचे तरी पीक खात असला पाहिजे; परंतु वऱ्हाडातील ज्या माणसाने त्याचे बारकाईने निरीक्षण केले, त्याच्या हातात कुंचला नसून गोफण होती.

हे निरीक्षण अजून चालू आहे आणि त्याला ‘जागल’ म्हणतात. जागल म्हणजे पीक राखण्यासाठी वावरात मचाण बांधून रात्र जागून काढणे. रोही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित असल्यामुळे त्याला परवान्यावाचून मारता येत नाही, घाबरवता मात्र येते, आणि घाबरवण्याच्या शास्त्रात शेतकऱ्याने जी कल्पकता दाखवली आहे, तिच्यापुढे संशोधकांचा परग्रही फिका पडतो. पहिला उपाय बुजगावण्याचा. त्याला रोही दोन रात्री दुरून पाहतो, तिसऱ्या रात्री जवळून पाहतो आणि चौथ्या रात्रीपासून त्याच्या सावलीत रवंथ करतो. दुसरा उपाय साड्यांचा. चारही धुऱ्यांना, म्हणजे वावराच्या बांधांना, जुन्या रंगीत साड्या ताणून बांधल्या की वारा त्या फडफडवतो आणि रोही बिचकतो. हा उपाय पहिला आठवडा उत्तम चालतो. नंतर रोही त्या साडीला मान घासू लागतो, आणि घरातील बाईला आपली लग्नातली साडी ‘जुनी’ कोणी ठरवली याचा तपास लागल्यावर शेतकऱ्याला वावरात राहणेच अधिक सुरक्षित वाटते, त्यामुळे राखण आपोआप होते.

तिसरा उपाय झटका मशीनचा. सौर पाटीवर भारलेल्या बॅटरीतून कुंपणाच्या तारेत क्षणभर टिकणारा विजेचा ठोका सोडणारे हे यंत्र जीव घेत नाही, फक्त अक्कल देते, असे विकणारे सांगतात. ती अक्कल आधी रोह्याला येते, कारण तो एकदाच तार हुंगतो आणि पुढे उंचावरून उडी मारतो; यंत्र बंद केले आहे अशी खात्री असलेल्या शेतकऱ्याला मात्र ती हंगामभर हप्त्याहप्त्याने येत राहते. चौथा उपाय भोंग्याचा. यात कुत्र्याचे भुंकणे, माणसाचे ‘हाड, हाड’ आणि वाघाची डरकाळी ध्वनिमुद्रित करून रात्रभर वाजवली जाते. हा वाघ दर दहा मिनिटांनी, पहिल्या डरकाळीत आणि दुसरीत काडीचा फरक न करता गर्जत असतो. इतका वेळेचा पक्का वाघ रानात असू शकत नाही, हे रोह्याच्या पहिल्याच रात्री ध्यानात येते.

खरा वाघ या जिल्ह्याने पाहिलेला नाही असे नाही. गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण वाघ 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघाला आणि तेलंगणातून वळसा घेत काही महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत येऊन पोचला. रोह्यावरचा खात्रीचा उपाय स्वतःच्या पायांनी आणि सरकारी खर्चावाचून दारात आला, याचा आनंद संशोधकांनी शेतकऱ्यापाशी व्यक्त केला.

“ज्ञानगंगेत वाघीण होती काय?” शेतकऱ्याने विचारले.

“नव्हती. म्हणून तर तो पुढे निघून गेला.”

“इथं वावरवाल्या पोराले पोरगी भेटत नाही,” शेतकरी म्हणाला, “त वाघाले कुठून भेटन!”

भोंग्यातील वाघ संसाराचा विचार करीत नसल्यामुळे तो राहिला आहे.

पीक गेल्यावर पंचनाम्याचा क्रम येतो. पंचनामा म्हणजे घडलेल्या गोष्टीची पंचांसमक्ष केलेली लेखी नोंद. पिकाच्या नुकसानभरपाईसाठी ती वन, महसूल व कृषी अशा तीन खात्यांच्या माणसांनी मिळून करावी लागते, आणि तीन खात्यांची माणसे एका धुऱ्यावर एका वेळी उभी राहण्याचा योग हा ग्रहणाच्या योगाहून दुर्मीळ असून त्याची आगाऊ नोंद कोणत्याही पंचांगात मिळत नाही. संशोधकांनी अशा एका पंचनाम्याला विद्वान साक्षीदार म्हणून हजेरी लावली.

“नुकसान करणारा प्राणी कोणता?” आलेल्या कर्मचाऱ्याने विचारले.

“रोही,” शेतकरी म्हणाला.

“डोळ्यांनी पाहिला?”

“अंधार होता.”

“मग कशावरून रोही?”

“त्यानं ठरलेल्या जागी लेंड्या टाकल्या हायेत.”

येथे संशोधकांनी पुढे होऊन, हा प्राणी कदाचित परग्रही असू शकतो आणि या दिशेने आपले काम बरेच पुढे गेले आहे, असे नम्रपणे नमूद केले. कर्मचाऱ्याने हातातील यादी वरपासून खालपर्यंत तपासली, त्यात परग्रही प्राणी नव्हता, आणि यादीत नसलेल्या प्राण्याने खाल्लेले पीक हे खाल्लेले धरता येणार नाही असे सांगितले. त्यानंतर शेतकऱ्याने संशोधकांना दुसऱ्या धुऱ्यावर झाड मोजायला पाठवले. तेथे एकच झाड होते.

या प्रमादाचे प्रायश्चित्त म्हणून संशोधकांनी एक रात्र जागलीला येण्याचे कबूल केले. येताना त्यांनी पशूचे चित्र आणले होते आणि त्याचा उपयोग बुजगावण्याच्या गळ्यात बांधण्यासाठी झाला. आपल्याच जातीचा मोठा नर उभा आहे असे वाटून रोही मागे फिरेल, असा त्यामागे तर्क होता. मचाणावर बसून त्यांनी शेतकऱ्याला आपल्या अभ्यासाचा शेवटचा आणि सर्वांत आश्चर्यकारक भाग सांगितला, तो असा. परग्रह बाजूला ठेवला, तरी प्राणिशास्त्रात ‘परका’ प्राणी अशी एक संज्ञा आहे. मूळ प्रदेशातून उचलून भलत्याच प्रदेशात सोडलेल्या प्राण्याला ती लावतात. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण भागात, मेक्सिकोच्या आखाताला लागून जे किनारी मैदान आहे, तेथील किंग रँच या विस्तीर्ण चराऊ जमिनीवर 1920 आणि 1930 च्या दशकांत रोही आणून सोडण्यात आले. तेथे थंडीची कडक लाट आली म्हणजे ते मरतात, कारण अंगावर चरबी फारशी नसते. एरवी त्यांना ती भूमी इतकी मानवली की त्यांचे कळप पसरत गेले. परका, शाकाहारी, तटाशी आणि मैदानाशी अनुकूलन झालेला, अशी चारही लक्षणे एकाच देहात प्रत्यक्ष नांदत असताना आपण उगाच मंगळावर वेळ घालवला, अशी कबुली संशोधकांनी दिली.

शेतकऱ्याचे लक्ष एकाच मुद्द्यावर अडले होते.

“म्हणजे कोनी मुद्दाम नेला?”

“मुद्दाम.”

“फुकट नाही नेला?”

“खर्च करून नेला. आणि आता तिथले लोक त्याच्या शिकारीसाठी पैसे मोजतात, हॉटेलात त्याचं मांस खातात.”

शेतकरी बराच वेळ काही बोलला नाही. घाटाखालच्या गावांचे दिवे एकेक करून मालवत होते आणि हरभऱ्यावरची आंब, म्हणजे त्या पिकाच्या अंगावर धरणारे आंबट दव, थंडीत चमकत होती.

“त्याइले एक पत्र लिहा,” तो शेवटी म्हणाला. “म्हणा, इथं उरले तेवढे बी घेऊन जा. जायचं भाडं आमी देतो.”

“आणि ते परत आले तर?”

“यायचं भाडं त्याइचं त्याइनं पाहावं. वावर त ठाऊकच हाय त्याइले.”

पत्राचा मसुदा कोणत्या खात्याच्या नावे करावा, याविषयी संशोधकांनी तपशीलवार विवेचन सुरू केले. त्याच सुमारास पलीकडच्या धुऱ्याकडून, बुजगावणे ज्या बाजूला होते त्या बाजूने, आधी कागद टरकल्याचा आणि मग हरभरा मोडल्याचा आवाज सावकाश येऊ लागला, आणि भोंग्यातील वाघाने, आपली वेळ झाल्यामुळे, डरकाळी फोडली.